नाव दोनदा घेणारी हरीकाकी

हरीकाकीला एक सवय होती. कोणतीही वस्तू हातात घेतली की ती तिचं नाव दोनदा घ्यायची. एकदा मोठ्याने, आमच्या मालवणीत. मग तोंड जरा वळवून, ओठांतल्या ओठांत, तिच्या सिंधीत. कांदा चिरायला घेतला की "कांदो" म्हणायची आणि मागून हळूच "बसर". मीठ घेतलं की "मीठ", आणि मग "लूण". देवळात माणसं आधी गाभाऱ्यातल्या देवाला नमस्कार करतात आणि निघताना कोपऱ्यातल्या देवालाही हात जोडतात, तसं ते मला वाटायचं. पाण्याचं नाव मात्र ती एकदाच घ्यायची. "दोनय कडे पाणी म्हणजे पाणीच गो," असं म्हणून ती कळशी कमरेवर घ्यायची आणि हसायची.

मी लग्न होऊन आरोंद्याहून इकडे देवगडच्या बाजूला आले, तेव्हा ती आमच्या मागल्या पडवीत राहत होती. आरोंद्यालाही खाडी, इथेही खाडी. तिथेही मासे, इथेही मासे. पण आमची बोली गोव्याकडे झुकलेली. पहिल्याच आठवड्यात मी चुलीवरची कढी उतरवताना "नुस्तां शिजलां" म्हटलं आणि घरातल्या सगळ्या बायका हसल्या. इथे माशांना म्हावरां म्हणतात. धाकटी नणंद दिवसभर "नुस्तां, नुस्तां" करत घरभर नाचली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पोरवय होतं. पण मी मुळातच भिडस्त. चौथीपर्यंत शिकले, तीही मागच्या रांगेत बसून. मी बोलणंच सोडलं. मान हलवून हो आणि मान हलवून नाही, एवढ्यावर माझा संसार सुरू झाला.

हरीकाकीने हे पडवीतून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीच्या दगडाशी बांगडे साफ करत होते, तर ती येऊन माझ्या समोर उकिडवी बसली. एक बांगडा शेपटीला धरून उचलला आणि विचारलं, "चेडवा, हेका तुज्या आरोंद्यात काय म्हणतत?"

मी इकडे तिकडे बघितलं. कोणी नव्हतं. अगदी हळू म्हटलं, "नुस्तां."

तिने बांगडा डोळ्यांसमोर धरला. "म्हावरां," ती मोठ्याने म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "नुस्तां." मग तोंड वळवून, "मछी." आणि बांगडा परत टोपलीत ठेवला.

तेव्हापासून माशांना तिच्या तोंडी तीन नावं झाली. माझ्या माहेरचा शब्द सासरी दुसऱ्या कोणी तोंडात घेतला, तो पहिल्यांदा तिने. आज एवढी वर्षं झाली, पण तो बांगडा मला दिसतो.

तिची माणसं सिंधमधली. फाळणीत घर, शेजार, नदी सगळं तिकडे राहिलं. नवऱ्याबरोबर तान्ह्या किशनला घेऊन ती कल्याणच्या छावणीत आली. नवरा टेकचंद, आमची वाडी त्यांना टेकशेट म्हणायची. कोकणात कापड खपतं असं कोणीतरी सांगितलं म्हणून ते बोटीने देवगडला उतरले आणि पाठीवर गाठोडं घेऊन वाडीवाडीतून फिरायला लागले. पुढे बाजारात लहानसं दुकान झालं. माझे सासरे होडी घेऊन गेले ते परत आले नव्हते, होडी तेवढी किनाऱ्याला लागली होती. त्यांची जाळी ठेवायची पडवी रिकामी पडली होती. ती सासूबाईंनी टेकशेटना दिली. "उंदरांका देण्यापरास माणसांका दिलेली बरी," एवढंच म्हणाल्या.

वाडीने आधी तिच्या नावाला नाकं मुरडली. बायलमाणसाचं नाव कधी हरी असतं? मग तिच्या कपड्यांना. ती सुथण घालायची, आपल्याकडच्या लेंग्यासारखी ढगळ. पाणवठ्यावर बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. सासूबाईंनी एक दिवस आपलं जुनं लुगडं काढून तिच्या हातात दिलं आणि नेसवायला घेतलं. काष्टा घालून उभी राहिली तेव्हा हरीकाकी आपल्याच पायांकडे बघून इतकी हसली की खाली बसली. पण दुसऱ्या दिवसापासून रोज लुगडं. फक्त पदर डोक्यावरून कधी ढळू दिला नाही, मासे साफ करतानासुद्धा नाही.

"अगो हरये, पदर म्हावऱ्यात पडतलो," सासूबाई ओरडायच्या.

"पडांदे. धुवन टाकीन," ती म्हणायची आणि पदर आणखी पुढे ओढायची.

ती भाकरी थापायला शिकली, सोलांची कढी करायला शिकली, वाटण पाट्यावर किती बारीक हवं ते शिकली. शिकताना तिला संकोच म्हणून नव्हता. चुकलं तर स्वतःच मोठ्याने हसायची, म्हणजे दुसऱ्याला हसायला जागाच उरायची नाही. तिच्याकडे कोकी म्हणून जाड पोळी करतात, कांदा-मिरची घालून. गहू तेव्हा सहज मिळत नव्हते. तिने नाचणीच्या पिठाची करून बघितली. पहिली इतकी कडक झाली की सासूबाई म्हणाल्या, "हरये, ह्या घेवन भितीक खिळो मार." पुढे ती जमली. आजही आमच्या घरात नाचणीत कांदा-मिरची घालतात आणि तिला हरयेची भाकरी म्हणतात.

टेकशेटांचं मात्र निराळं. ते भले गृहस्थ, पण आतून फार घाबरलेले. एकदा घर गेलेल्या माणसाची ती भीती होती, हे मला मोठेपणी कळलं. आपण कुठे वेगळे दिसलो तर इथूनही उठावं लागेल, असं त्यांना वाटायचं. त्यांनी धोतर-टोपी घातली, गणपतीला सगळ्यांच्या आधी वर्गणी दिली, आणि आपला देव ट्रंकेत ठेवला. घरात सिंधी बोलायचं तर दार लावून. मुलगा किशन शाळेत जायला लागला तसा तोही बापासारखा झाला. हरीकाकी त्याला सिंधीत विचारायची, तो मालवणीत उत्तर द्यायचा. एकदा ती अंगणातून त्याला सिंधीत हाक मारत होती आणि त्याच्याबरोबर शाळेतले सोबती होते. तो आत येऊन रडकुंडीला आला. "आये, तशी आरडू नको. माका चिडयतत."

तिने त्याला जवळ घेतलं. रागावली नाही. म्हणाली, "शिकूक लाज कसली रे? इसरूक लाज वाटूक होयी."

हे वाक्य तिच्या तोंडी पुष्कळदा यायचं. मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी, दाराआडून.

अमावास्या संपून पहिली चंद्रकोर दिसली की हरीकाकी तिन्हीसांजेला एकटी खाडीवर जायची. पदराखाली ताटली. ताटलीत कणकेचा दिवा, थोडे तांदूळ, साखर, एखादी वेलची. तो दिवा पेटवून ती पाण्यात सोडायची आणि लगेच परत यायची. मी तिला दोन-चारदा येताना बघितलं होतं. विचारलं नाही. कोणाला काही विचारणं माझ्या स्वभावातच नव्हतं.

पण वाडीनेही बघितलं. आणि आमच्याकडे अवसेच्या सुमाराला कोणी कणकेचा दिवा नि तांदूळ घेऊन एकटं बाहेर पडलं तर त्याचा अर्थ एकच होतो. उतारा. कोणाची तरी बाधा कोणावर तरी ढकलायची. त्या वर्षी रापण वाईट चालली होती. अख्खी वाडी किनाऱ्यावरून त्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढायची आणि आत यायचं शेवाळ. एका सकाळी त्या जाळ्यातच भिजलेल्या कणकेचा गोळा आला, मधे काळी वात.

रापणीचा मुख्य भिकूआबा. मोठ्या आवाजाचा, पण सरळ माणूस. तो गोळा त्याने करवंटीत घातला, करवंटी अंगापासून लांब धरली आणि वाडीतली माणसं मागे घेऊन आमच्या खळ्यात आला.

"जने! भायर ये!"

सासूबाई बाहेर आल्या. "भिकू, मी बहिरी नाय. हळू बोल."

"ह्यां बग. तुज्या पडवेतली शिंदीण आवस झाली काय खाडयेर करणी करता. वाडयेन बगल्यान. रापण कित्या सुकी जाता तां आता समाजलां."

मी दारात उभी होते. माझा नवरा, वासू, त्या वेळी होडीवर होता. करवंटीकडे बघून मीही एक पाऊल मागे घेतलं, हे खरं आहे.

"दोनातलां एक," भिकूआबा म्हणाला. "ह्यां बंद, नायतर पडवी खाली. वाडयेचां पोट आसा ह्या पाण्यार."

टेकशेट दुकानाला जायला निघालेले, तसेच पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. "आबा, बंद. आजपासून बंद. पुन्हा दिसणार नाही." एवढ्या मोठ्या माणसाला असे हात जोडताना बघून मला कसंतरी झालं.

प्रश्न तिथे मिटला असता. लोक वळलेही होते. पण पडवीचं दार उघडलं आणि हरीकाकी बाहेर आली. पुरुषमाणसांसमोर ती कधी येत नसे. ती आधी नवऱ्याला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, दोनच शब्द, पण दार न लावता, सगळ्यांसमोर. मग भिकूआबाकडे वळली.

"आबा, लुगडां नेसूक शिकलंय. भाकरी थापूक शिकलंय. तुमच्या गणपतीक मोदक केलंय. माजो झील, किशन, तुमच्या बोलीत रडता नि तुमच्या बोलीत हसता. ह्या सगळ्याक मी खुशीन हो म्हटलंय. ह्यां एक सोडूक सांगू नुकात."

"करणी सोडू नुको म्हणतंस?"

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल ओढणीत गुंडाळलेली एक तसबीर होती. तिने ओढणी सोडली आणि तसबीर भिकूआबासमोर धरली. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, शांत चेहऱ्याचा. खाली पाणी. आणि तो म्हातारा बसला होता माशावर.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आगो बाय! देव माशार बसलो हा!"

भिकूआबाने करवंटी जोत्यावर ठेवली, हात धोतराला पुसले आणि तसबीर उजेडाकडे नेली. देवाकडे त्याने फारसं बघितलंच नाही. "ह्यो रावस," तो म्हणाला.

"तुजो डोळो गेलो," सासूबाई म्हणाल्या. "खवळां बग. रावसाक अशी खवळां?"

"मग खंयचो? तूच सांग."

"पल्लो," हरीकाकी म्हणाली. "आमच्या नदयेतलो. समुद्रात रवता नि पावसात नदयेत येता. उलट्या पाण्यात वर चढता."

"उलट्या पाण्यात?" भिकूआबाने मान वर केली. "जाळां खंयसर घालतत मग?"

मागे हशा पिकला. भिकूआबा ओशाळला, पण तसबीर त्याने हातातून सोडली नाही. जरा वेळाने त्याने विचारलं, या वेळी आवाज खाली होता, "आणि दिवो कोणासाटी?"

"जो पाण्यार गेलो तेच्यासाटी. आमच्याकडे होडी सुटली काय दिवो सोडत. माणूस परत घराक येवक होयो म्हणान." ती थांबली. "हंय माजां कोण पाण्यार जाता, आबा? माजो घोव कापडां इकता. जातत ते तुमचेच."

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "माज्या वासूसाटीय?"

"पयलो तेच्यासाटी. तेच्या घरात रवतंय मी."

सासूबाई खाली उतरल्या. जोत्यावरच्या करवंटीतला तो गोळा, ज्याला एवढ्या माणसांतल्या एकानेही बोट लावलं नव्हतं, तो त्यांनी हाताने उचलला. तुळशीकडे गेल्या आणि दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. मग भिकूआबाला म्हणाल्या, "पडवी माजी आसा. ती रवतली."

भिकूआबाने तसबीर हरीकाकीला परत दिली, दोन्ही हातांनी. "मग लपान कित्या करतंस गो? चोरी आसा? आमच्याबरोबर कर. नारळ सोडूक आमी येतंव, तेवा तू ये."

टेकशेट अजून हात जोडूनच उभे होते. ते हात खाली घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

नारळी पौर्णिमेला हरीकाकी आमच्यात येणार असं ठरलं, पण नेमके त्या महिन्यात कणकेला गहू मिळाले नाहीत. तिने तांदळाच्या पिठाचा दिवा करून बघितला, तो वाळताना तडकला. दुसरा केला, तोही तडकला. पडवीत सगळ्या बायका जमलेल्या, प्रत्येकीचं काहीतरी सुचवणं चालू होतं. मी कोपऱ्यात होते. मला उत्तर ठाऊक होतं आणि तोंड उघडत नव्हतं. हरीकाकीने माझ्याकडे बघितलं आणि नुसती भुवई वर केली, बांगडा उचलताना केली होती तशी.

"उकड काडून बगूया?" मी म्हटलं. "मोदकासारखी."

सासूबाईंनी वळून बघितलं. "अगो, हिका वाचा आसा!" म्हणाल्या, आणि चुलीवर पाणी ठेवलं.

उकडीचा दिवा तडकला नाही. हरीकाकीने त्याला माशाच्या तोंडासारखी चोच काढली. त्या दिवशी वाडीचा नारळ पुढे गेला आणि मागून तिचा दिवा. ओहोटीने दोन्ही बरोबर नेले.

त्यानंतर रापण भरभरून लागली असं लिहिलं तर खोटं होईल. कधी लागली, कधी नाही. जाळं रिकामं आलं की भिकूआबा आमच्या खळ्यावरून जाताना ओरडायचा, "हरये, तुजो म्हातारो झोपलो काय गो?"

"तो जागो आसा. तुमचां जाळां फाटलां आसा, तां बगा," ती आतून उत्तर द्यायची.

तसबीर पडवीत भिंतीवर लागली. वाडी त्या देवाला माशावरचो देव म्हणायला लागली. ती त्याला लाल साईं म्हणायची. होडी पहिल्यांदा पाण्यात घालताना माणसं पडवीच्या दाराशी जरा थांबून जायची. आणि पडवीचं दार सिंधी बोलण्यासाठी लावलं जाईनासं झालं. किशनही आईला कधी सिंधीत, कधी मालवणीत उत्तर द्यायला लागला, रागावला की दोन्हींत. मी बोलायला लागले ते आधी तिच्याशी, मग सासूबाईंशी. आजही फार बोलत नाही. पण मला माझ्या मुलांशी आरोंद्याची बोली बोलायची चोरी वाटली नाही, ती तिच्यामुळे.

किशन मोठा झाल्यावर टेकशेटांच्या भावाने त्यांना उल्हासनगरला बोलावून घेतलं. तिथे त्यांची पुष्कळ माणसं होती. जाण्याच्या दिवशी हरीकाकी पडवी सारवत होती. मी म्हटलं, "काकी, आता तुमी आपल्या माणसांत चललात." ती सारवता सारवता म्हणाली, "आणि तुमी कोण?"

निघताना मला म्हणाली, "दिवो आता तू सोड."

"तुमच्यात काय म्हणतत तां माका येणा नाय."

"म्हणूचां काय नाय. जो पाण्यार आसा तेचां नाव घी नि सोड."

तसबीर ती घेऊन गेली. ओढणी मला दिली.

त्यानंतर ती पुन्हा आली नाही. आला तो किशन, काही वर्षांनी, एकटाच. आता चांगला बाप्या झाला होता, पँट घातलेला. सासूबाईंना वाकून नमस्कार करताना शहरी मराठीत बोलायला लागला तशा त्या म्हणाल्या, "मेल्या, माज्या चुलीकडे बसान वाडलंस, सरळ बोल." मग तो मालवणीत बोलला आणि बोलता बोलता त्याने सांगितलं की आये गेली. फार दिवस आजारी नव्हती.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारलं, "थंय बरी होती मां? आपल्या माणसांत?"

किशन हसला आणि त्याचे डोळे भरले. "थंय सगळे तेका मालवणकरीण म्हणत. म्हावऱ्यात नारळ घालता म्हणान. पदराखाली काष्टो आसा म्हणान. ती म्हणा, 'शिकूक लाज कसली?'"

"आणि तां दोन-दोन नावां घेणां?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत. पण थंय उलट्यान. मोठ्यान आमच्यातलां, आणि मग तोंड वळवन हळूच मालवणीतलां. कांदो घेतल्यान काय आदी बसर, मग कांदो." तो जरा थांबला. "माशांची मात्र तीन घेय. मछी, म्हावरां आणि आणखी कायतरी. तां माका कधी समाजलां नाय."

मला समजलं. मी उठून चुलीकडे गेले, कारण मला कोणासमोर रडायची सवय नाही.

संध्याकाळी मी उकड काढली. आता वाडीत नव्याने आलेल्या सुना नारळी पौर्णिमेला तो दिवा बघतात आणि आमच्या वाडीचा हा पूर्वापार रिवाज आहे असं समजतात. मला ते चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं. तो रिवाज हरीकाकीचा आहे. उकड तेवढी आमची.

पौर्णिमा नव्हती त्या दिवशी, पण मी आणि किशन खाडीवर गेलो. दिवा मी त्याच्या हातात दिला. त्याने आधी "दिवो" म्हटलं. मग तोंड वळवून, हळूच, "जोत". मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याला संकोच वाटला असता. मग आम्ही दोघांनी वाकून दिवा सोडला, आणि पाण्याचं नाव एकदाच घेतलं.